झाशीतलं चर्च आणि माझं हिंदी

झाशीला उतरले ती लॅपटॉप पोटाशी धरूनच. त्यात माझं तीन महिन्यांचं काम होतं: छावणीतल्या जुन्या चर्चचा अ‍ॅनिमेशनपट. छत भिंतींना बाहेर कसं ढकलतं, तरी भिंती उभ्या कशा राहतात, हे लाल बाणांनी दाखवलेलं. दुपारी चर्चच्या समितीची बैठक होती. स्कूटर लावायला जागा हवी म्हणून बाहेरचे पुश्ते (भिंतीला दिलेले विटांचे जाड टेकू) पाडायचं घाटत होतं. ते थांबवायलाच मी आले होते.

मुक्काम प्रेम नगरात, आईच्या मैत्रिणीकडे. सुधाताईंचं घराणं मराठ्यांच्या कारभारात इकडे आलं आणि इथलंच झालं. गेल्या गेल्या मंगोडे (मूगडाळीची भजी) पुढ्यात. सहा खाल्ले, मग मोजायचं सोडलं.

"मी पण येते गं," त्या म्हणाल्या. "इतके साल समोरून जाते, आतून नाही पाहिलं कधी."

सदर बाजारातून ऑटोनं गेलो. एका पुश्त्याच्या सावलीत शेळी रवंथ करत होती. आत मात्र काय गारवा! लाकडी छत इतकं उंच, की बघता बघता मान अवघडली. एवढं ओझं कुणाच्या जिवावर उभं आहे, ते मला माहीत होतं, याचा जरा गर्वच वाटला.

समितीचे अध्यक्ष थॉमसजी, चार सभासद आणि ठेकेदार बसले. मी फिल्म लावली. निवेदन माझंच, हिंदीत. बाण छतावरून निघाले, पुश्त्यात शिरले, आणि माझा आवाज ठसक्यात म्हणाला, "छत का सारा भार इस पुश्ते से खाली जाता है।"

ठेकेदारानं मांडीवर थाप मारली. "सुन लिया? मैडमजी खुद कह रही हैं, खाली जाता है! बेकार है पुश्ता। तोड़ दो।"

थॉमसजींनी मान डोलावली. मला काही कळेना. माझं काय चुकलं?

सुधाताई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अरे भैया, मराठी में खाली माने नीचे! भार नीचे जाता है, ज़मीन में।" मग माझ्याकडे वळून, "बये, हिंदीत खाली म्हणजे रिकामं, खाली जाणं म्हणजे वाया जाणं गं! आवाज बंद कर, मी बोलते."

लाजेनं कान तापले. आवाज बंद केला. सुधाताई बुंदेलीत सांगत गेल्या, मी लॅपटॉपवर एकेक पुश्ता पुसत गेले. तिसरा पुसला आणि पडद्यावरची भिंत बाहेर झुकली, छत कोसळलं. ठेकेदारसुद्धा वर बघायला लागला.

"स्कूटर धूप में खड़े होंगे," थॉमसजी म्हणाले. "पुश्ते रहेंगे।"

परतीच्या गाडीत आईचा फोन आला. झालं का काम? भिंत वाचवली म्हणून मिरवायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण खरं तेच सांगितलं. सुधाताई नसत्या, तर मीच ती पाडून आले असते.