सातवी पायरी

त्रिविक्रमअण्णा रागावलेले नाहीत, असा दिवस जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीने पाहिलेला नाही. दूध पातळ आलं तर ते दूधवाल्यावर रागावत, आणि दाट आलं तर मग काल पातळ का होतं म्हणून रागावत. तीस वर्षं ते एका कारखान्यात तपासनीस होते. समोरच्या दोन चकत्यांत केसाएवढा फरक निघाला की माल नापास. निवृत्त झाल्यावर चकत्या संपल्या, नापास करायची सवय तेवढी उरली. ती आम्ही शेजाऱ्यांनी आपसात वाटून घेतली.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे ते रागवायला मराठीत सुरुवात करत आणि शेवट कन्नडात. मी पुण्याहून आलेला नवखा. मला अर्धाच राग कळायचा, पण तेवढाही पुरायचा.

शहाण्णव साली त्यांच्या पत्नी, वसुमतीअक्का, न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणलं ते खुर्चीत बसवून थेट वरच्या मजल्यावर, कारण निजायची खोली वर. डॉक्टरांनी तीन महिने जिना बंद केला. फोन मात्र खाली दिवाणखान्यात.

लेक प्रतिमा मस्कतला. सहावा महिना, आणि पहिलंच. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. अण्णांकडे मॅजेस्टिकच्या बाजारातून आणलेला कॉर्डलेस होता. तो घेऊन जिना चढावा, तर सातव्या पायरीवर खरखर, आठव्या पायरीवर शिट्टी आणि नवव्या पायरीवर लेक गायब. दोष स्लॅबचा. घर बांधताना कंत्राटदार लोखंड खाईल या संशयाने अण्णांनी स्वतः उभं राहून दुप्पट सळया घालून घेतल्या होत्या. भूकंप आला तरी ते घर हलणार नव्हतं, आणि लेकीचा आवाजही त्यातून वर जाणार नव्हता.

म्हणून अण्णा सातव्या पायरीवर उभे राहत. वरून अक्का एकेक प्रश्न खाली सोडत. पायाला सूज आहे का, उलट्या थांबल्या का, पोटात हालचाल कळते का. आता हे बापाने लेकीला कोणत्या तोंडाने विचारायचं? अण्णा खाकरत, फोनमध्ये "जेवलीस ना?" एवढंच विचारत, आणि वर ओरडत, "बरी आहे म्हणते."

असे चार शुक्रवार गेले. चौथ्याला अक्कांनी वॉकर जमिनीवर आपटला. "तुमचा आवाज मी बत्तीस वर्षं ऐकतेय. मला लेकीचा ऐकायचाय."

मी सुचवलं की वर एक साधा वायरचा फोन घ्या. अक्कांना सकाळी खोलीलगतच्या गच्चीत उन्हात बसायला आणि वॉकर घेऊन चालायला सांगितलेलं होतं, हे मी विसरलो होतो. अण्णा विसरले नव्हते. "ती काय दाव्याला बांधलेली गाय आहे?" असं मराठीत विचारून त्यांनी उरलेलं कन्नडात सांगितलं.

दुसरा कॉर्डलेस आला. तीच कंपनी, तोच सायीचा रंग. पावसाच्या पाइपच्या कडेने वायर वरच्या व्हरांड्यापर्यंत गेली, तीही पट्टी लावून सरळ. फोनच्या बैठकीखाली एक ते दहा आकड्यांचं इवलंसं बटण होतं. खालचा चारवर होता, म्हणून अण्णांनी वरचाही चारवर लावला. एका घरात एकच माप.

शुक्रवारी दहाला दोन्ही फोन वाजले. अक्कांनी बटण दाबून "प्रतिमा" म्हटलं मात्र, फोनमधून असा कर्कश आवाज आला की गच्चीवरचे कावळे उडाले. फोन तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा अक्कांनी उचललाच नाही.

अण्णांनी दुकानदाराला नापास केलं, मस्कतला नापास केलं, मग मला. हे दुपारपर्यंत चाललं, तेव्हा त्यांची भाडेकरू भाग्यलक्ष्मी दुसऱ्या पाळीला निघाली. ती टेलिफोनच जुळवायच्या कारखान्यात कामाला. तिने जाता जाता बैठक उलटी करून पाहिली.

"अण्णा, दोन्ही फोन या बटणाच्या एकाच नंबरावर बोलतायत, म्हणून भांडतायत. स्वल्प, जरा, वरच्याचा आकडा बदला. आठ करा."

"माझ्या घरात दोन मापं?"

"सरी, बरं," ती म्हणाली, "मग भांडू द्या." आणि चप्पल घालून गेली.

तो आठवडा गल्लीने श्वास धरून काढला. अण्णा बटणाला शिवले नाहीत, आणि अक्कांनी बोलणं बंद केलं. एरवी अण्णांच्या प्रत्येक रागावर त्यांच्याकडे वरचढ राग तयार असे. आता अण्णा खालून कॉफीचं विचारत आणि वरून फक्त पंख्याचा आवाज येई. राग टाकायला जागाच राहिली नाही. त्या काही दिवसांत पेपरवाल्यालासुद्धा अण्णा काही बोलले नाहीत, तेव्हा मी खरोखर घाबरलो.

शुक्रवारी साडेनऊला ते वर गेले. मी भाजी द्यायला गेलो होतो, म्हणून हे पाहिलं. चष्मा लावून त्यांनी बैठक उलटी केली आणि नखाने बटण चारवरून आठवर सरकवलं.

"नापास माल पास करतोय," ते म्हणाले.

अक्कांनी फोनसाठी हात पुढे केला.

दहाला फोन वाजला. खरखर नाही, शिट्टी नाही. अण्णांनी लगबगीने खाली येऊन आपला फोन उचलला, तोच वरून आवाज आला, "खाली ठेवा तो. मला बारीक ऐकू येतंय."

ठेवला त्यांनी. मग सवयीने सातव्या पायरीवर जाऊन उभे राहिले, रिकाम्या हातांनी. वर कुजबुज चालली होती, मधेच हसू, मधेच बराच वेळ नुसतं "हं, हं." अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, काय म्हणतेय. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. विसाव्या मिनिटाला कठडा धरून ते ओरडले, "अगं, काय म्हणतेय ती?"

वरून शांतपणे उत्तर आलं.

"बरी आहे म्हणते."