गौरविण्यात येत आहे

"साहेब, माजं मानपत्र वाचू नका," असं सांगणारी सत्कारमूर्ती मला पहिल्यांदाच भेटली. मंडपामागे गयाबाई उभ्या होत्या. साखरा गावच्या, शेळ्या राखणाऱ्या. गावच्या शेततळ्यात तीन पोरं बुडत होती. बाईंनी नेसत्या लुगड्यानिशी उडी टाकून दोघांना जिवंत काढलं. तिसरं, गावातल्याच सविताचं, हाती लागलं तेव्हा सगळं संपलं होतं.

मी निवेदक. जिल्ह्यातल्या सरकारी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो, मानपत्रंही लिहितो. मानपत्र म्हणजे स्टेजवरून मोठ्याने वाचायची स्तुती. तिचा शेवट ठरलेला: 'गौरविण्यात येत आहे'. कौतुक घरात होतं, शाबासकी पाठीवर मिळते. गौरवायला मात्र शाल, माइक आणि समोर माणसं लागतात. बाईंना नेमकी तीच नको होती.

"सविता म्होरंच बसलीय. तिच्यादेखत माजी वाहवा काहून करून राहिले? शाल द्या, फोटू काढा. वाचू नका."

मी कार्यक्रम ठेवणाऱ्या अधिकारी साहेबांकडे गेलो.

"मानपत्राशिवाय कसला सत्कार? पाहुण्यांना पुढे जायचंय, उरका."

"सर, निदान तिसऱ्या मुलाचा उल्लेख करू?"

"नको हो. निगेटिव्ह वाटतं."

मी पेनाने 'अतुलनीय' आणि 'असामान्य' खोडलं. वाटलं, तेवढीच बोच कमी होईल. मग वाचलं: "प्रसंगावधान राखून दोन बालकांचे प्राण वाचविल्याबद्दल श्रीमती गयाबाई यांना गौरविण्यात येत आहे." टाळ्या पडल्या. बाई पायांकडे बघत उभ्या होत्या. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर सविता आली. चिडलेली नव्हती. हळूच म्हणाली, "मावशे, तुला येवढं भान व्हतं, तर माजंच लेकरू काहून राहिलं?"

"न्हाई गं. हाताला जे लागलं ते वढलं. कुनाचं कोन, दिसलंच न्हाई."

"ते तर लिवलेलं न्हाई त्यात," सविता म्हणाली आणि निघून गेली.

इतके दिवस गावात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. कार्यक्रम झकास झाला म्हणाले. पुढे कळलं, दोघी एकत्रच शेळ्या चारायला जायच्या. आता गयाबाई एकट्याच दुसऱ्या रानात जातात.

ज्याला गौरवायचं, त्याला आधी विचारावं, एवढं मी शिकलो. गयाबाईंनी तर न विचारताच सांगितलं होतं.