ट्यूब उघडी असताना

आमच्या लॅबमधली ताई सांडोर गावची. ती भरभरून बोलते ते घरच्या वाडीतल्या केळ्यांबद्दल. जीनोमवरच्या तिच्या शोधनिबंधांबद्दल विचारलं तर "आहेत थोडे" म्हणते. आरएनएची ट्यूब उघडी असली की ती कुणाला बोलू देत नाही. थुंकीच्या कणानेही आरएनए तुटतो. मला ती शांतता आवडते.

लॅबच्या नव्या शोधनिबंधाच्या मसुद्यात माझं नाव लेखकांमध्ये नव्हतं, शेवटी आभारांत होतं. मी मसुदा बाजूला ठेवून कामाला लागले. ताई मात्र सगळ्यांसमोर लॅबच्या प्रमुखांना म्हणाली, "सर, अर्धे प्रयोग हिने केलेत. हिचं नाव वर घ्या, नाहीतर माझंही खाली टाका."

नाव वर गेलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी थँक्यू म्हणायला लागले, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. "ट्यूब उघडी आहे गं," म्हणाली, आणि सोललेलं केळं माझ्या हातात दिलं.