‘एक्स्क्यूज मी’ म्हणणाऱ्या बायका

किस्से जमवायचे म्हणून कोणी जमवत नाही हो! आमच्याकडे वर्ग संपतो, दिवे बंद करायची वेळ होते, आणि चपला घालता घालता कोणीतरी म्हणते, “मॅडम, काल काय झालं मालूम?” मग चपला पुन्हा काढाव्या लागतात. माझ्या घरी उशिरा पोचण्याचं एवढं एकच कारण आहे. नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.

मी पवनीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी स्कूटीवर कोंढ्याच्या बाजूच्या एका गावात जाते. तिथल्या बुद्धविहारात बायकांचा वर्ग भरतो. कोणाची शाळा लग्नानं सुटली, कोणाची धानाच्या रोवण्यानं, आणि कोणाची गुरुजींनी नाक मुरडून मागच्या दाराजवळ बसवलं म्हणून. मी त्यांच्याच समाजाची, त्यामुळे कोण का मागे बसली होती हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

तशा वर्गात पुष्कळ जणी येतात. पण किस्से घडतात ते तिघींच्याच नशिबी.

* * *

पहिली शांतामावशी. साठी उलटलेली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धान रोवण्यात गेला. दहावी-बिहावी काही करायची नाही. म्हणाली, “मले फक्त इंग्लिश पाहिजे.”

“कशाला मावशी?”

“मराठीत मी भल्ली भांडली. आता भाषा बदलून पाहतो.”

मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी ‘थँक यू’, मग ‘सॉरी’. सॉरी म्हणजे माफी, असं सांगितल्याबरोबर मावशीनं पाटी खाली ठेवली.

“हे नोको मले.”

“अहो, पण रोज लागतो हा शब्द!”

“मॅडम, उभा जन्म तेच म्हणत आलो. कोणाच्या सावलीवर पाय पडला, चुकलं माय. कोणाच्या पाण्याजवळून गेलो, चुकलं बापा. तो कोटा खतम झाला माह्या. पुढचा शब्द सांगा.”

पुढचा शब्द होता ‘एक्स्क्यूज मी’. तो मावशीला इतका आवडला की विचारू नका! बसमध्ये एक्स्क्यूज मी. दुकानात एक्स्क्यूज मी. वाटेत आडव्या बसलेल्या म्हशीलासुद्धा एक्स्क्यूज मी, आणि म्हैस उठली म्हणे.

वर्षाअखेरीस मी सगळ्यांची तोंडी परीक्षा घेतली. मावशीला विचारलं, “समजा, तुमचा पाय चुकून कोणाच्या पायावर पडला. काय म्हणाल?”

“एक्स्क्यूज मी.”

“नाही मावशी. आठवा बरं. दुसरा शब्द.”

मावशीनं प्रामाणिकपणे आठवलं. मग म्हणाली, “पण त्याचा पाय काहून मधात होता?”

मी पूर्ण मार्क दिले.

* * *

दुसरी वंदनाताई. लग्न झालं तेव्हा नववीत होती. पोरं मोठी झाल्यावर आमच्या वर्गातून दहावी केली, मग बारावी. तेवढ्यात गावचं सरपंचपद आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव झालं आणि वंदनाताई निवडून आली. चक्क मतं मागून, घरोघरी फिरून!

उपसरपंच नत्थूभाऊ. वय झालेले, फेटा बांधणारे. त्यांच्या घरात सरपंचपद पिढ्यान् पिढ्या राहिलेलं, त्यामुळे ते सरकारी असतं हेच त्यांना नवीन होतं.

पहिल्या मीटिंगला वंदनाताई ऑफिसात गेली, तर सरपंचाची खुर्ची गायब!

“दुरुस्तीले गेली,” नत्थूभाऊ म्हणाले. “तवर तुम्ही बसा ना तिकडं. सतरंजी हाय.”

बाकी सगळ्यांच्या खुर्च्या तब्येतीनं ठणठणीत. फक्त हिचीच आजारी. वंदनाताईनं त्या दिवशी उभ्यानं मीटिंग घेतली. घरी येऊन मात्र रडली, हे तिनंच सांगितलं. आणि रडता रडता दिराला हाक मारली.

दिराचं बिछायत केंद्र आहे. मांडव, भांडी, लायटिंग, सगळं भाड्यानं देतो. दुसऱ्या मीटिंगच्या दिवशी त्याचा टेम्पो ग्रामपंचायतीसमोर लागला. त्यातून उतरली नवरदेवाची खुर्ची! लाल मखमल, सोनेरी पाठ, हातांच्या जागी दोन सिंह. ऑफिसचं दार अरुंद, म्हणून आडवी करून आत घेतली. आणि तिच्या मागोमाग दुसरी, तशीच.

“दुसरी कायले?” वंदनाताई दिराला हळूच म्हणाली.

“जोडी हाय वहिनी. जोडी फोडत नसतो आपण. धंद्याले अपशकुन.”

मग काय! दोन्ही सिंहासनं शेजारी शेजारी लागली. एकावर वंदनाताई बसली. बाकीच्या खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या, कारण जागाच उरली नाही. आत बसायला एकच आसन रिकामं, ते म्हणजे नवरीबाईशेजारचं!

नत्थूभाऊ आले. आसनाकडे पाहिलं. वंदनाताईकडे पाहिलं. खिडकीतून अर्धं गाव आत पाहून राहिलं होतं.

“बसा ना भाऊ,” वंदनाताई म्हणाली.

कोण बसते! सगळी मीटिंग नत्थूभाऊ भिंतीला टेकून उभे. ग्रामसेवक उभा. पाणीपुरवठ्याचा विषय झाला, रस्त्याचा झाला, नालीचा झाला. मागून कोणीतरी हळूच विचारलं, “अक्षता कधी वाटून राहिले?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच जुनी खुर्ची दुरुस्त होऊन आली. वंदनाताईनं नीट न्याहाळली. म्हणाली, “कुठं दुरुस्त केली भाऊ? जोड दिसतच नाही!”

* * *

कपांचं सांगते.

गावात बायकांचा बचत गट आहे, सगळ्या समाजांचा मिळून. मीटिंग दर महिन्याला वेगळ्या घरी. एका महिन्यात ती गावातल्या एका मोठ्या घरी होती, आणि वर्गाला वेळ होता म्हणून मीही सोबत गेले होते. चहा आला. बाकी सगळ्यांना चिनीमातीचे कप, फुलाफुलांचे. आणि आम्हा चार-पाच जणींना कागदी कप.

घरची बाई गोड हसत होती. आता तोंडावर कोणी काही म्हणत नाही ना, आता कागदी कप देतात! वंदनाताईच्या कपाळावर आठी आली. ती उठणारच होती. तेवढ्यात शांतामावशीनं कप दोन्ही हातांनी उचलला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“धन्य हाय बाप्पा ही बाई! कोणाची तब्येत कशी सांभाळावी हे हिच्याकडून शिकावं!”

“का झालं मावशी?” एकीनं विचारलं.

“आमच्या मॅडमनं सांगतलं ना वर्गात! घरच्या कपाच्या कानात जंतू बसते, जंतू! कितीबी घासा, निघत नाही. मोठमोठ्या दवाखान्यात कागदीच कप असते. हिनं आपल्याले नवाकोरा कप देल्ला.” मग इतरांकडे दयेनं पाहून, “तुमाले काहून नाही देल्ला वं?”

मी असं काहीही शिकवलेलं नाही. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली. शिक्षकाचा पेशा असा कामाला येतो.

फुलाफुलांचे कप हळूहळू खाली ठेवले गेले. एकीनं कपाच्या कानात बोट घालून पाहिलं. दुसरी म्हणाली, “मलेबी कागदीच दे वं.” मग तिसरी. मग तर रांगच! घरची बाई आत पळाली. कागदी कप तिनं मोजून आमच्यापुरतेच आणलेले.

पुढच्या वेळी त्याच घरी मीटिंग झाली तेव्हा सगळ्यांना एकसारखे स्टीलचे कप होते. मावशीनं आपला कप उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “याले कानच नाही ठेवला?”

* * *

हा माझा स्वतःचा. लहानसा आहे.

लग्नाआधीची गोष्ट. पवनीत नोकरी होती, गावातला वर्गही सुरू झाला होता, आणि मी पवनीतच खोली शोधत होते. शांतामावशीची भाची तिथंच राहते, म्हणून मावशी सोबत आली. घरमालकीण स्वभावानं चांगली, खोली चांगली, नळाला पाणी. आमचं आडनाव राऊत. आमच्या जिल्ह्यात राऊत सगळ्या समाजांत सापडतात, त्यामुळे या आडनावावरून कोणालाच काही कळत नाही. बाईंची पंचाईत झाली.

“कोणते राऊत?”

“जवाहरनगरचे. बाबा तिथं नोकरीला होते.”

“तसं नाही... तुमच्यात लग्न कसं लागतं?”

“वेळेवर.”

“म्हणजे लग्नात काय काय करता?”

“जेवतो.”

“देव कोणता बसतो घरी?”

“आमच्या घरी बसायला कोणाला वेळच नाही.”

बाईंना घाम फुटला. मला मजा यायला लागली होती. हे प्रश्न मी कॉलेजपासून ऐकत आलेय. शेवटी शांतामावशीलाच राहवलं नाही. ती मला म्हणाली,

“सांगून टाका ना मॅडम! बाई बिचारी किती मेहनत करून राहिली!”

मी हात जोडले आणि म्हणाले, “जय भीम.”

खोली त्याच क्षणी बाईंच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. मी आता पलीकडच्याच गल्लीत राहते, रोज तिथून जाते. खोलीला अजून कुलूप आहे. भाचा बहुतेक पायी निघाला असावा.

* * *

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री नाटक असतं. नाटकापेक्षा त्याचं पोस्टर पाहण्यासारखं! उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. जिल्ह्यातला ज्याला कोणाला फोन लागतो तो सगळा पोस्टरवर.

वंदनाताई सरपंच झाली त्या वर्षी कमिटीनं पोस्टर छापलं. तिचं नाव कुठं? सगळ्यात खाली, साउंड सिस्टीमवाल्याच्या खाली, ‘उपस्थिती’ म्हणून. अक्षर एवढं बारीक की तिनं माझा चष्मा मागून वाचलं.

“जाऊ नका,” मी म्हटलं.

“काहून नाही जाऊ? उपस्थिती लिहिली ना? मी उपस्थित राहीन!”

नवी साडी नेसून सगळ्यात आधी जाऊन बसली. आता झालं असं, की त्याच रात्री आजूबाजूच्या कितीतरी गावांत नाटकं होती आणि हीच मोठी माणसं सगळ्या पोस्टरांवर होती. आठ वाजले, नऊ वाजले. लोक ओरडायला लागले. उद्घाटक साहेबांचा फोन बंद. अध्यक्ष दुसऱ्या गावात उद्घाटन करून राहिले होते. नत्थूभाऊ कमिटीत होते, पण त्यांना भाषणाची भीती.

शेवटी निवेदकानं माईक हातात घेतला. “उद्घाटक काही कारणानं येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी सरपंच वंदनाताई!” वंदनाताईनं फीत कापली. “दीपप्रज्वलक... वंदनाताई!” तिनं दिवा लावला. “अध्यक्ष...” लोकच ओरडले, “वंदनाताई!” प्रत्येक मानाला एक शाल आणि एक नारळ ठरलेलं. आणलेलं परत कोण नेणार? कमिटीनं सगळं तिलाच दिलं. शालींत तिचा चेहरा दिसेनासा झाला.

मग तिला बोलायला सांगितलं. ती शालींच्या आतून म्हणाली, “मले फक्त उपस्थित राहायचं होतं.”

टाळ्या इतक्या पडल्या की नाटकातल्या खलनायकाला वाटलं आपलीच एंट्री आहे, आणि तो तलवार घेऊन आत आला!

* * *

आता पुष्पाचा सांगते आणि निघते.

पुष्पा आमच्यात सगळ्यात लहान, तिशीची. बोलते कमी. दिवसा काम, संध्याकाळी वर्गात बारावीचा अभ्यास. आज ती गावच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण बनवते. पण हे काम तिला लागलं तेव्हा गावातली काही घरं बिथरली. तिच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत! दुसऱ्या दिवसापासून त्या घरची पोरं घरून डबे घेऊन यायला लागली आणि व्हरांड्यात वेगळी बसायला लागली. त्यात त्यांच्यापैकीच एका घरच्या गोदाकाकूंची नात चिऊही होती. दुसरीतली, दोन वेण्यांची. हातात इवलासा स्टीलचा डबा. बाई बदला, असा अर्जही वर गेला.

पुष्पा वर्गात आली ती खाली मान घालून. वंदनाताई म्हणाली, “मी पाहतो एकेकाले. कायदा हाय, पोलीस हाय.”

“नोको ताई,” पुष्पा म्हणाली. “कायदा हाय ते मले मालूम हाय. पण पोलीसच्या भेवानं पोरानं घास खाल्ला, त तो मले कसा गोड लागन?”



मग तालुक्यावरून एक अधिकारी मॅडम चौकशीला आल्या. शाळेच्या पटांगणात सगळे जमले. आम्हीही गेलो. पुष्पा पदराला हात पुसत एका बाजूला उभी होती. तिचं काम राहतं का जातं, ते तिथंच ठरणार होतं.

गोदाकाकूंचा मुलगा पुढे झाला. “मॅडम, आमच्या घरच्यांनी तिच्या हातचा दाणाबी तोंडात नाही घातला. पाहिजे त आईले विचारा. आई कधी खोटं बोलत नाही.”

गोदाकाकू उभ्या राहिल्या. पदर सावरला. गावात त्यांचा शब्द चालतो.

“आजी, तुमची तक्रार काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“तक्रार म्हणजे का मॅडम,” काकू म्हणाल्या, “वरण पातळ असते. खिचडीत मीठ कमी राह्यते. मटकीची उसळ तेवढी झकास करते, पण ते हप्त्यातून एकच दिवस!”

काकूंच्या मुलानं आईकडे पाहिलं. आईनं नातीकडे पाहिलं. चिऊनं डबा पाठीमागे लपवला.

“आजी,” मॅडम हळूच म्हणाल्या, “तुम्हाला कसं माहीत?”

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “वास येते ना घरापर्यंत!”

“मिठाचा?”

तेव्हा पुष्पा तिथं पहिल्यांदा बोलली.

“काकू, उद्यापासून मीठ बरोबर टाकीन. पण चिऊजवळ डबा थोडा मोठा देत जा. त्यात उसळ मावत नाही.”