सोपानरावांनी खपवलेलं पुस्तक

सोपानराव खोटं बोलत नसत, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. ते इन्स्पेक्शनला होते. आम्ही लेथवर कातून काढलेला प्रत्येक जॉब त्यांच्या टेबलावर जायचा. ते मापाचं गेज लावायचे, डोळे बारीक करायचे आणि एकच शब्द बोलायचे: ‘पास’ नाहीतर ‘परत’. मी कितीदा गयावया केली असेल! ‘केसभर जास्त हाय राव. परत,’ एवढंच उत्तर. सवय अशी जडलेली की एकदा कँटीनमधल्या पुरीलाही त्यांनी व्हर्निअर लावला आणि आचाऱ्याला म्हणाले, ‘एका बाजूला जाड हाय. परत.’

निर्मला, माझी बायको, गेली आणि पुढच्या वर्षभरात मी तिच्या आजारपणावर एक पुस्तक लिहून काढलं. का लिहिलं ते सांगता येणार नाही. कामावरून आलं की दुसरं काही सुचत नसे. पुण्यातल्या एका छापखान्यातून तीनशे प्रती आल्या आणि त्यांचे गठ्ठे मी कॉटखाली सरकवून दिले. मी जेवत-खात नाही असं ऐकून सोपानराव चिंचवडच्या माझ्या खोलीवर आले, तेव्हा त्यांच्या पायाला गठ्ठा लागला. त्यांनी सुतळी सोडून एक प्रत काढली, उलटीपालटी केली.

‘तयार माल असा कॉटखाली? ह्याला काय अर्थ हाय?’

त्या दिवसापासून मी ‘लेखकराव’ झालो आणि पुस्तक त्यांच्या सायकलवर चढलं. शिफ्ट सुटताना ते गेटवर पिशवी घेऊन उभे राहत. गुरुवारच्या सुट्टीला मोशी, देहू, त्यांचं स्वतःचं चिखली अशी फेरी व्हायची. हळदीकुंकवाच्या बायकांनाही त्यांनी सोडलं नाही. ‘लेखक दिसल्याबगर पुस्तक खपत न्हाई,’ म्हणून मलाही मागे बसवून न्यायचे. मी दारात चपला सांभाळत उभा. ‘दोन शब्द बोला की,’ ते म्हणायचे. मी नको म्हणून मान हलवायचो.

खंडेनवमीला तर त्यांनी कमाल केली. कारखान्यात यंत्रांची पूजा असली की घरची माणसं यायची. निर्मलाही दरवर्षी यायची, माझ्या लेथला हात लावून नमस्कार करायची. त्या वर्षी माझ्या लेथवर झेंडूच्या माळेखाली पुस्तक होतं आणि त्याला हळदकुंकू वाहिलेलं. ‘आता बोला,’ सोपानराव म्हणाले. समोर बायकामुलं पेढे हातात घेऊन थांबलेली. मी माळेची फुलं सारखी करत राहिलो. शेवटी तेच स्टुलावर चढले. ‘ह्यांच्या मंडळींची आठवण हाय ही. वाचून रडू आलं न्हाई तर माल परत घेतो!’ लोक हसले आणि चाळीस प्रती तिथल्या तिथे गेल्या. मी यंत्राखालचा लोखंडाचा भुगा बघत होतो. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं. पुस्तकात सगळं होतं: तिचा ताप, इस्पितळातली खिडकी, तिने मागितलेला शेवटचा मोसंबीचा रस. ती गेली तेव्हा मी कुठे होतो, तेवढंच नव्हतं. मी लेथवर होतो. दुपारी टाइम ऑफिसात इस्पितळातून फोन आला, लगेच या म्हणून. अकरा जॉब राहिले होते. ‘एवढा लॉट होऊ दे,’ मी म्हणालो. पोचलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली होती. तो निरोप माझ्यापर्यंत घेऊन आले होते सोपानराव.

‘वाचलंत का?’ मी एकदाच विचारलं होतं.

‘वाचलं.’

‘मग?’

त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. ‘विकतोय की.’ पास नाही, परत नाही. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही.

काही वर्षांनी सोपानराव शेतातच छातीत कळ येऊन गेले. दहाव्याला मी इंद्रायणीच्या घाटावर गेलो. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेव्हाही. एक म्हातारी माझ्याकडे निरखून बघत होती.

‘पुस्तकवाले तुमीच न्हवं? माझ्या सुनेनं मला वाचून दाखवलं. मी सोपानाला इचारलं, बाई गेली तवा मालक कुठं व्हता? त्यो म्हनला, उशाशी. हात धरून बसला व्हता.’

‘आमालाबी तसंच सांगितलं,’ शेजारची बाई म्हणाली.

म्हणजे घरोघरी हा प्रश्न निघत होता आणि घरोघरी सोपानराव तेच उत्तर देत होते. मी दारात चपला सांभाळत उभा होतो, तेव्हा आत हे चाललं होतं. केसभर फरकासाठी माझा माल परत करणाऱ्या माणसाने माझ्यासाठी दारोदार खोटं पास केलं होतं.

‘नव्हतो, आजी,’ मी म्हणालो. ‘मी कारखान्यात होतो. निरोप सोपानरावांनीच आणला होता. मी लगेच निघालो नाही.’

पुस्तकाविषयी चारचौघांत मी बोललो ते एवढंच. ऐकायला सोपानराव नव्हते.