वांग्यावरचा आळ

वांग्यानं माझं काहीही वाकडं केलं नव्हतं, हे कळायला मला तीन महिने लागले.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी उठलं की माझी बोटं वळेनाशी व्हायची. वेणी घालताना फणी हातातून सुटायची. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आमवात आहे म्हणाले आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. ती मी दर सोमवारी निमूट घेत होते. पण बालाघाटात पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईचं तेवढ्यानं भागतं होय? काय खाल्लं की दुखतं, याचा छडा लावायचाच म्हणून मी वही केली. डावीकडे काल काय खाल्लं, उजवीकडे सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली.

पहिला पंधरवडा दही बंद. मूठ तशीच. मग टोमॅटो बंद, मग बटाटा. तशीच. (आमचे हे भरवेलीच्या खाणीत कामाला. डबा उघडला की आज काय नाही, ते आधी बघायचे.) शेवटी वांगं बंद केलं आणि आठ दिवसांत मूठ वळली! वहीत वांग्याखाली मी लाल रेघ मारली, दोनदा.

यांचा वांग्याच्या भरतावर फार जीव. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हात तुह्ये दुखते, मंग माह्यं भरीत काहून बंद?" शास्त्रापुढे नवरा-बायको असं काही नसतं, असं मी त्यांना सांगितलं.

त्याच आठवड्यात माझी धाकटी नणंद कमल राजेगावहून पिशवीभर वांगी घेऊन आली. तिच्या घरामागे वांग्याची वाडीच होती. मी तिला पाऊण तास समजावलं, वर तीनदा मूठ वळून दाखवली. तिचेही गुडघे दुखायचे. ती वांगी तशीच घेऊन परत गेली.

पुढच्या तपासणीला मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती पान न् पान वाचली आणि विचारलं, वांगं सोडलं तेव्हा गोळी सुरू होऊन किती दिवस झाले होते? दीडेक महिना, मी म्हटलं.

"मॅडम, या गोळीले असर दाखवाले तेवढाच वेळ लागते. वांगं बिचारं मधात सापडलं."

गोळी सोडू नका, चौरस खा, आणि एखाद्या पदार्थाचा संशय आलाच तर तो पुन्हा खाऊन बघा, असंही ते म्हणाले. पुन्हा खाऊन बघायचं. हे माझ्या सातवीच्या पोरींनाही सुचलं असतं.

घरी आल्याबरोबर कमलला फोन लावला. "वांगे खा वं बाई. माही चूक झाली."

"वयनी, मी त सारी झाडं उपटून टाकली. कारल्याचे वेल लावले ना आता. तुह्यासाठीच लावले."

पावसाळा सरल्यापासून दर रविवारी कारल्यांची पिशवी येते. भाजी हे स्वतः करतात, मन लावून. घरात कारलं न आवडणारं माणूस एकच आहे, आणि तिच्या ताटात हे भाजी दोनदा वाढतात.