यात जेवण आहे का?

"बाई, यात जेवण आहे का?"

पुस्तक हातात घेतलं की काकांचा हा पहिला प्रश्न. लेखक कोण, शेवट गोड की कडू, कशाशी देणंघेणं नाही. मीरा रोडला माझं छोटं वाचनालय होतं, तेव्हाची ही गोष्ट. असे वाचक तुमच्याही पाहण्यात असतील. एखाद्याला फक्त भुताखेतांचंच लागतं. काकांना परदेशात गेलेल्या आपल्या माणसांच्या कादंबऱ्या लागत, आणि त्यातही स्वयंपाकघर.

"पुन्हा बर्फ, पुन्हा विमानतळ, पुन्हा रडारड!" पुस्तक परत करताना ते करवादायचे. "अहो, पण माणसं जेवली काय? दोनशे पानं उपाशीच?"

"मग रेसिपीचं पुस्तक न्या ना, काका!" मी चिडवायचे. त्यावर ते कधी हसले नाहीत.

पुढे एकदा त्यांनीच सांगितलं. एकुलती एक मुलगी अमेरिकेत. शेजारच्या बिल्डिंगमधल्या जैन मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद. काका रत्नागिरीचे. माशांशिवायच्या जेवणाला त्यांच्याकडे जेवण म्हणत नसत.

"तिला मासे सुटले असतील का हो?" फोन करून विचारायची छाती नव्हती, म्हणून हा माणूस कादंबऱ्यांमधून पोरीला शोधत होता.

आणि एका कादंबरीत तशी नायिका सापडली. सासर शाकाहारी, पण दुपारी घरात कुणी नसलं की सॅमन तळून खाणारी. ते पुस्तक काकांनी पुन्हा पुन्हा नेलं. सॅमन म्हणजे कुठला मासा, हे विचारायला भाईंदरच्या बाजारात चौक गावाहून येणाऱ्या मासेवालीला गाठलं.

"रावसच हाय तो," ती म्हणाली. "साहेब लोक सामन बोलतात."

झालं! तेव्हापासून दर रविवारी रावस. "तिकडे अजून शनिवारच चाललाय," मला समजावून सांगायचे, "ती उद्या खाईल."

हे दोन मासे वेगळे, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी काकांकडे त्याचा विषयही काढला नाही. माणूस सुखाने दोन घास खातोय, खाऊ दे.

मग काका झोपेतच गेले. मुलगी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. घर आवरताना मिळालेलं वाचनालयाचं पुस्तक द्यायला ती माझ्याकडे आली. रडून रडून डोळे सुजले होते. मी तिला सगळं सांगितलं, आणि न राहवून विचारलं, "खातेस ना गं मासे?"

तिने मान हलवली. नाही.

"सासरच्यांनी सोडायला लावले?"

"छे हो. नवरा तर स्वतः म्हणतो, खा." ती खुर्चीत बसली. "लग्नाचं घरी सांगितलं ना, तेव्हा आम्ही जेवत होतो. बाबांनी माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. तळलेली तुकडी माझ्या हातातच राहिली. तेव्हापासून मासा तोंडात घालवतच नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"'जेवायला ये,' एवढंच म्हणाले असते ना मावशी," ती म्हणाली, "तर काटेसुद्धा ठेवले नसते मी."